वीस अंश कमी

आईचा केक लागोपाठ दुसऱ्या शनिवारी मधोमध बसला आणि कोपऱ्यावरच्या कॅफेवालीने तो डब्यासकट परत पाठवला, तेव्हा आईने कुणालाच नावं ठेवली नाहीत. माझ्या डोक्यात धोक्याची घंटा तिथेच वाजायला हवी होती. माझी आई म्हणजे केक बिघडला तर आधी अंड्यांना, मग मैद्याला, मग हवेला, मग दुकानदाराला आणि वेळ उरलाच तर सरकारला नावं ठेवणारी बाई. त्या दिवशी तिने डबा उघडला, मधल्या खड्ड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल."

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मला चाळिशी ओलांडावी लागली. ऐकल्यावर फार बरं वाटेल अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. अजिबात बरं वाटलं नाही.

बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. तिसरा मजला, दोन खोल्या आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त मिजास असलेलं स्वयंपाकघर. दर शनिवारी ती कॅफेसाठी एक मोठा साधा स्पंज केक करते. वर क्रीम नाही, फुलं नाहीत, कसली थेरं नाहीत. कॅफेच्या फळ्यावर खडूने 'काकूंचा केक' असं लिहिलेलं असतं आणि संपला की ती ओळ पुसतात. आई संध्याकाळी फिरायला म्हणून निघते ती बरोबर त्या फळ्यासमोरून जाते. ओळ पुसलेली दिसली की त्या रात्री ती चार घास जास्त जेवते.

मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि लोकांना गाडी चालवायला शिकवते. त्यामुळे माझा स्वभाव आहे तसा आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो. तो एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे आणि सुट्टीच्या दिवशीही असतो. आईकडे आला की आधी खिडक्यांच्या कड्या बघतो, मग विजेची बटणं, आणि त्यानंतर वेळ मिळाला तर आईकडे.

दुसरा केक परत आल्याचं कळलं मात्र, दादाचा फोन आला. आईने स्पीकर लावला होता. "आई, पुरे झालं आता," तो म्हणाला. "तिसराही परत आला ना, तर हे सगळं बंद करायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं. खोली तयार आहे. रंगसुद्धा दिलाय."

कुठला रंग, हे त्याने आईला विचारलं नव्हतं. आता आई त्याला फोनमधून कान धरून बाहेर ओढते की काय, म्हणून मी तयारीत बसले. आई म्हणाली, "बरं."

म्हणजे येत्या शनिवारचा केक फुगला नाही तर आईचं घर मोडणार होतं, आणि आई ते मान्य करून कांदा चिरायला बसली होती. मीच तिथे फोनवर ओरडले की, निदान ओव्हन तरी बघू, त्याचंच काहीतरी बिनसलं असेल. दादा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मी फोन ठेवला. म्हणजे आपटला.

इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर 'तुझं चुकलं' म्हणत नाही. गुपचूप दुरुस्त करतात. बाबांना ऑफिसला उशीर व्हायचा म्हणून आईने न सांगता भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. बाबांना ते कळलं, तर त्यांनी न सांगता तेवढंच उशिरा निघायला सुरुवात केली. बाबांचा रक्तदाब वाढला तेव्हा आईने न सांगता जेवणातलं मीठ कमी केलं. बाबांनी न सांगता ऑफिसच्या खणात मिठाची पुडी ठेवली. दादाची शाळेतली चित्रं आई पहाटे उठून सुधारायची, आणि त्याला बक्षीस मिळालं की दोघं एकमेकांकडे न बघता टाळ्या वाजवायचे. वहिनी लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आई, आज भाजी अळणी झालीये हं." जेवणाच्या टेबलावर जी शांतता पसरली, ती तिने एखादी शिवी दिली असती तरी पसरली नसती.

तर, ओव्हन. गुरुवारी शेवटची शिकवणी आटपून मी आईकडे गेले ती हत्यारं घेऊनच. ओव्हनच्या आत ठेवायचा एक गोल थर्मामीटर मी विकत घेतला होता. आईने तो हातात घेऊन उलटसुलट केला.

"ताप ओव्हनला आलाय की मला, हे कसं कळणार यावरून?"

"आधी त्याचा बघू. मग तुझा."

पहिला संशय दारावर घेतला. दाराच्या कडेचं रबर फाटलं की गरम हवा बाहेर जाते, एवढं मला ठाऊक होतं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. चारही बाजूंनी पट्टी घट्ट. मग आत डोकं घातलं. तळाला कुणी चांदीचा कागद पसरलाय का, जाळी चुकीच्या खाचेत बसवलीये का, कॉइल कुठे तुटलीये का. आत सगळं लख्ख होतं. माझ्या घरातली ताटं इतकी स्वच्छ नसतात.

आई स्टुलावर बसून बघत होती. मध्येच म्हणाली, "मी अंडी आधी फेटते आणि साखर मग घालते. हे मी तुला मघाशी सांगितलं का?"

"नाही."

"नक्की?"

हे तिचं नवीनच सुरू झालं होतं. महिनाभर प्रत्येक वाक्याला ही शेपूट. हे मी तुला सांगितलं का, हे मी परत सांगतेय का, काल मी हेच म्हणाले का. मला त्याचा वैताग यायला लागला होता आणि मी तो लपवतही नव्हते.

ओव्हन एकशेऐंशीवर लावला. तापलो म्हणून त्याने शिट्टी मारली. आत थर्मामीटर एकशेसाठ दाखवत होता. आणखी थांबलो, तरी एकशेसाठच.

"बघ!" मी उडी मारली. "ओव्हनच खोटं बोलतोय! शनिवारी तू सरळ दोनशेवर लाव, की झालं काम."

मला वाटलं होतं, आई मला मिठी मारेल. आईने तोंड वाकडं केलं. "एकशेऐंशी म्हणजे एकशेऐंशी. खोटं बोलणाऱ्याशी मी संगनमत करणार नाही. आणि आज वीस खातोय, उद्या चाळीस खाल्ले तर? आणि तुझा तो थर्मामीटर तरी कशावरून खरा?"

शेवटचा प्रश्न रास्त होता, म्हणून मला जास्त राग आला. मी थर्मामीटर उकळत्या पाण्यावर धरला. काटा शंभरावर आला. आई हं म्हणाली, पण उठली नाही.

शुक्रवारी मेकॅनिकला बोलावलं. हा आमचा ठरलेला माणूस, आणि त्याचं निदानही ठरलेलं. वॉशिंग मशीन थांबलं, बोर्ड गेलंय. फ्रिज गार होईना, बोर्ड गेलंय. मागच्या वर्षी त्याने आईच्या मिक्सरचंही बोर्ड गेल्याचं सांगितलं होतं आणि मिक्सरला बोर्ड नसतं. त्याने ओव्हन पुढे ओढला, मागचा पत्रा काढला, मीटरच्या दोन तारा इथे-तिथे लावल्या.

"कॉइल चांगली आहे, ताई. सेन्सर पण चांगला आहे."

"मग?"

"मग बोर्डच." त्याने दोन्ही हात पसरले. "नवीन मागवावं लागेल. तीन आठवडे तरी जातील."

"उद्या केक द्यायचाय," मी म्हणाले.

"काकू, जरा जास्त वेळ ठेवा ना आत."

महिनाभर आई तेच करत होती; आधीचे दोन केक तेवढ्यावर कसेबसे खपले होते. जास्त वेळ ठेवलं की कडा कोरड्या, कमी ठेवलं की मधे कच्चा. पण तिने ते त्याला सांगितलं नाही. त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "ठेवते हो." पूर्वीच्या आईने त्याच्याकडे ते मिक्सरचं बोर्ड मागितलं असतं. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं आणि म्हणून मी मेकॅनिकवरच खेकसले.

तो गेल्यावर माझं डोकं भणभणत होतं. बिघाड मी रोज बघते. माझ्या शिकवणीच्या गाडीचा क्लच बिघडला तेव्हा तो सोमवारी एक नखरा करायचा, मंगळवारी दुसरा. बिघाडाला शिस्त नसते. मी ओव्हन दीडशेवर लावला. आत एकशेतीस. दोनशेवर लावला. आत एकशेऐंशी. बरोबर वीस कमी, दर वेळी, ना एक इकडे ना एक तिकडे. इतका नेमस्त बिघाड मी जन्मात बघितला नव्हता. बिघाड असा नसतो, असा माणूस असतो.

मोबाइलवर त्या ओव्हनची माहिती शोधली. अगदी शेवटी, कुणी मरायलाही जात नाही अशा पानावर, लिहिलं होतं की तापमानाचं बटण बराच वेळ दाबून धरलं तर सगळा आकडा वर किंवा खाली सरकवता येतो. मी बटण दाबून धरलं. पडद्यावर आलं: वजा वीस.

आईने ते केलेलं असणं शक्य नव्हतं. त्या ओव्हनवरची तीनच बटणं तिच्या ओळखीची आहेत. बाकीच्यांकडे ती परक्या पुरुषांकडे न बघण्याच्या जुन्या शिकवणीप्रमाणे ढुंकूनही बघत नाही. मीही केलेलं नव्हतं. आणि यंत्राबरोबर येणारी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा प्राणी आमच्या घराण्यात एकच आहे. महिन्याभरापूर्वी तो आईकडे येऊन, कुणी न सांगता, ओव्हन घासूनपुसून लख्ख करून गेला होता. जन्मात स्वतःचा कप विसळला नाही त्याने! आई आठवडाभर शेजारपाजारी कौतुक सांगत होती.

माझं बोट बटणावरच होतं. वरचा बाण एकदा दाबला की पाच अंश, चार वेळा दाबला की शून्य. उद्या केक टम्म फुगला असता, आई राहिली असती, दादाला मी नंतर एकट्याला गाठून सोललं असतं, आणि कुणी कुणाला काही बोललं नसतं. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे सगळं कसं गुपचूप. बोट बाणापर्यंत गेलंसुद्धा. पण मग आईने जन्मभर मानलं असतं की ते दोन केक तिनेच बिघडवले.

"आई," मी हाक मारली. "इकडे ये. चष्मा लावून ये."

ती आली. वाचलं. मी समजावून सांगितलं. कुणी केलं असेल तेही सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत वाचलं.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली.

"तू नाहीस."

ती न्हाणीघरात गेली आणि आत बराच वेळ नळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळ्यांत जुनी आई परत आली होती. मला बघून बरं वाटलं आणि दादाबद्दल थोडी कीवही आली.

"हात लावू नकोस त्याला," ती म्हणाली. "उद्या तो जेवायला येतोय ना. ज्याने वाकडं केलंय, तोच सरळ करेल."

शनिवारी दादा आणि वहिनी आले. दादाने खिडक्यांच्या कड्या बघितल्या, बटणं बघितली. जेवणं झाली. आईने मैदा चाळला, टिनला आतून लोणी फासलं, आणि पदराला हात पुसत इतक्या केविलवाण्या आवाजात बोलली की मी तिच्याकडे बघणं टाळलं, नाहीतर हसले असते.

"अरे, जरा ओव्हन बघतोस का? नीट तापतच नाही. तुला यंत्रातलं कळतं."

दादा खुर्चीत सावरून बसला. "जुना झालाय तो, आई."

"असेल. मीही झालेय. आज शेवटचा केक करते आणि येते मग तुझ्याकडे. शेवटचा तरी बरा व्हावा, एवढंच वाटतं रे."

दादाच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी स्वतः बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तर होतंच, पण त्याहून जास्त काहीतरी होतं. तो उठला आणि म्हणाला, "तुम्ही सगळे बाहेर बसा. मी बघतो."

आम्ही बाहेर बसलो. आतून ठाकठूक आवाज आले. त्याने दार उघडलं, लावलं, परत उघडलं. पक्कड आपटली. एवढं नाटक त्याने शाळेच्या गॅदरिंगलाही केलं नव्हतं. मग काही क्षण अगदी शांत, आणि त्या शांततेत बारीक आवाज: टिक, टिक, टिक, टिक. आईने माझ्याकडे बघून एक भुवई वर केली.

दादा हात पुसत बाहेर आला. "झालं! एक वायर ढिली होती. घट्ट केली."

"कुठली वायर?" आईने विचारलं.

"आतली. मागच्या बाजूची."

"मागचा पत्रा न काढता?"

दादाने घाम पुसला. आई आत गेली, ओव्हन एकशेऐंशीवर लावला, तापू दिला, आणि टिन अलगद आत ठेवला. थर्मामीटर काचेतून दिसत होता. एकशेऐंशी. मग तिने बाहेर येऊन दादाच्या समोरची खुर्ची ओढली.

"आता केक होईपर्यंत कुणी ओरडायचं नाही, दार आपटायचं नाही, पाय आपटायचा नाही," ती म्हणाली. "धक्का बसला तर केक बसेल. जे बोलायचं ते हळू बोला. वजा वीस का केलंस?"

आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण असं कुजबुजत झालं.

दादा आधी छताकडे बघत राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला की मागे एकदा तो आला होता तेव्हा आई दिवाणावर झोपली होती आणि ओव्हन चालू होता. आत काहीच नव्हतं. दाराला लटकवलेलं फडकं कडेने जळालं होतं. त्याने ओव्हन बंद केला, फडकं कचऱ्यात टाकलं, वर दोन वर्तमानपत्रं टाकली, आणि आई उठल्यावर चहा कर म्हणाला.

"मला का नाही उठवलंस?" आई कुजबुजली.

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि वीस अंशांनी काय होणार होतं? आग वीस अंशांनी कमी लागणार होती?"

उत्तर वहिनीकडे होतं. बिचारी इतका वेळ तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"अरे, पण तूच म्हणाला होतास ना," ती म्हणाली, "की चार-दोन केक बिघडले की आई आपणहून बंद करतील, कुणाला काही बोलायची वेळच येणार नाही? मला वाटलं तू नशिबावर भरवसा ठेवून बोलतोयस! तू बिघडवणार होतास, हे मला कुठे माहीत!"

"हळू," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. "माझ्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो," मी दादाला म्हणाले. "शिकणारा चुकला की मी तो दाबते. पण दाबल्या दाबल्या तोंडाने सांगते, 'मी दाबला.' का माहितीये? नाही सांगितलं तर त्या माणसाला वाटतं, आपल्याच पायाला काहीतरी झालंय. तो परत कधी नीट चालवत नाही. सुरक्षा अधिकारी म्हणे! मठ्ठ आहेस तू."

"मला भीती वाटली गं," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "ही इथे एकटी. मला रात्री झोप लागत नाही."

आईने माझ्याकडे बघून हात वर केला, म्हणजे पुरे. मग ती दादाकडे वळली. आवाज तसाच हळू, पण आता केकसाठी नव्हता.

"तुला झोप लागत नव्हती. मी काय करत होते सांगू? महिनाभर रोज सकाळी आरशासमोर उभी राहून तुम्हा सगळ्यांची नावं म्हणत होते. आधी तुझं, मग हिचं, मग सुनेचं. मग वाढदिवस. मग बाबा गेले तो दिवस. एखादा अडला तर पहिल्यापासून. इतकी वर्षं झोपेत जमणारा केक मला जमेना, म्हणजे डोकं चाललं माझं. आता एक दिवस तुम्ही समोर याल आणि मी विचारेन, आपण कोण? मला घर सुटायची भीती नव्हती रे. मी बरं म्हणाले, कारण मला वाटलं, तुम्हाला ओळखतेय तोवर तुमच्याजवळ जावं."

मला त्या 'हे मी तुला सांगितलं का'चा आता अर्थ लागला आणि मी महिनाभर तिच्यावर काढलेला वैताग आठवून माझी मलाच लाज वाटली. दादा तर दोन्ही हातांत तोंड झाकून बसला होता आणि रडत होता, तेही आवाज न करता, कारण केक आत होता.

आईने त्याला थोडा वेळ रडू दिलं. मग त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. "ही विद्या तुला मीच शिकवली म्हणा. चित्रं सुधारून द्यायचे मी तुझी. तेव्हाच म्हणायला हवं होतं, तुझा घोडा कुत्र्यासारखा दिसतो."

"कुत्राच होता तो," दादा नाक ओढत म्हणाला. "तू त्याचा घोडा केलास."

वहिनीला हसू आवरेना. ती गॅलरीत पळाली आणि तिथे हसली.

"फडकं जळालं ती चूक माझी," आई म्हणाली. "ती मला सांग. मी ऐकेन. रागावेन, पण ऐकेन. ओव्हन आपोआप बंद व्हायची काही सोय असते का रे?"

"असते," दादा म्हणाला. "पुस्तिकेत आहे."

"मग ती लाव. माझ्यासमोर लाव."

त्याने ती लावली. आई चष्मा लावून शेजारी उभी राहिली आणि चौथ्या बटणाशी तिची ओळख झाली. तेवढ्यात ओव्हनची शिट्टी झाली. आईने दार उघडलं. केक वर आला होता, सगळीकडून सारखा, मधे बोट दाबलं की परत वर येणारा, रंग असा की कॅफेवाली काय, त्या बोर्डवाल्या मेकॅनिकलाही तोंडाला पाणी सुटलं असतं. आईने टिनच्या कडेला हात लावला आणि भाजेल म्हणून लगेच काढलाही, आणि मी बघितलं, ती हसत होती.

केक निवल्यावर तिने तो डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि डबा दादाच्या हातात दिला.

"कॅफेत नेऊन दे. आणि तिला सांग, मागचे दोन केक तुझे होते."

"आई!"

"माझे नव्हते ना? मग कुणाचे होते? सांग तिला."

दादा खाली मान घालून जिना उतरला. आई खिडकीतून बघत होती. तो वळणावर पोचायच्या आत ती मला म्हणाली, "तू जा गं मागोमाग. तो सांगायचा नाही. डबा ठेवून सटकेल. माझंच पोर आहे."

मी धावतच गेले. कॅफेत शनिवारची गर्दी होती. दादाने अगदी आईच्या भाकिताप्रमाणे डबा हळूच काउंटरवर ठेवला, कॅफेवाली दुसऱ्याशी बोलत असल्याचं बघून त्याला हायसं वाटलं, आणि तो मागे वळला. मी दारात उभी होते. मी दारातून हलले नाही. बराच वेळ त्याने माझ्याकडे बघितलं, मग परत काउंटरकडे वळला.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "मागचे दोन केक... ते बिघडले होते ते... ते मी बिघडवले होते. आईने नाही. ओव्हनमध्ये मी गडबड करून ठेवली होती, तिला न सांगता."

कॅफेवालीने झाकण उघडून आत बघितलं. मग तिने दादाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. काउंटरपाशी रांगेतली दोन माणसंही बघायला लागली.

"तरीच!" ती म्हणाली. "मी म्हटलंच होतं आमच्या मुलींना, हे काकूंच्या हातचे नाहीत म्हणून."

ती खडू शोधायला गेली. मी दादाला तिथेच सोडलं आणि घराकडे सुटले. तीन जिने एका दमात चढले. आई दारातच उभी होती, खिडकीपासून दारापर्यंत ती कधी आली कोण जाणे.

"सांगितलं त्याने?"

"सांगितलं. सगळ्यांदेखत."

"आणि ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली, 'तरीच! मी म्हटलंच होतं, हे काकूंच्या हातचे नाहीत.'"

आईने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.